उचलायचा वार, पळायचा वार

वहिनी घरातून साडी नेसून निघायची आणि मैदानावर ट्रॅकपँटमध्ये पळायची. ट्रॅकपँट साडीच्या आतच असायची. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक शेड आहे. तिच्यामागे जाऊन ती साडी सोडायची, घडी घालायची, माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "धर वं. मातीत नको ठेवू." परत निघताना पुन्हा शेडमागे जाऊन साडी. आम्ही दोघी रोज सकाळी देवळात जातो असं आईने गल्लीत सांगून ठेवलं होतं. देऊळ मैदानाच्या बरोबर उलट्या दिशेला आहे, पण आईला कुणी तसं म्हणालं नाही.

हे सगळं पोलीस भरतीसाठी होतं. वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दादा चाकणला कंपनीत असतो, ती आमच्याकडे बाभुळगावला, आई-बाबांजवळ. तिचं माहेर पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यात. लग्नाआधी तिने एकदा भरती दिली होती. तेव्हा गोळा असा फेकला होता की मोजणारा शिपाई दोन पावलं मागे सरकला. हे तीच सांगायची, आणि आठशे मीटरच्या धावण्यात कशी बाद झाली तेही तीच सांगायची, तेवढ्याच मजेत. मग लग्न झालं. आता नवी जाहिरात आली होती आणि वयाच्या हिशोबाने तिच्यासाठी ती शेवटची होती. यानंतर तिला अर्जसुद्धा भरता येणार नव्हता.

आई म्हणाली, "ननंद सोबत जात असंन तर जाय."

ननंद म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी नाहीही म्हणाले नाही. माझं बी.एस्सी. झालं होतं आणि पुढे काय, हा प्रश्न लोकांनी विचारू नये म्हणून मी घरातच असायचे. मी यवतमाळच्या इंग्रजी शाळेत शिकले, रोज एस.टी.ने जाऊन-येऊन. त्यामुळे गावात मैत्रिणी झाल्या नाहीत आणि शाळेतल्या मैत्रिणी गावात राहिल्या नाहीत. शाळेत मी पळायचे. चांगली पळायचे. पळताना कुणाशी बोलावं लागत नाही, हे त्यातलं मला सगळ्यात आवडायचं.

घरी वहिनी मला 'ताई, तुम्ही' म्हणते. मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे, पण नणंद ती नणंद. मैदानावर साडी सुटली की तिचं 'तुम्ही' पण सुटायचं. पहिल्याच दिवशी ती दुसऱ्या फेरीत माझ्या बाजूने धापा टाकत गेली आणि ओरडली, "अवं, किती झाले ते सांग ना! मुकी झाली काय?"

मी मोबाइलमध्ये वेळ बघत होते. सांगितली. तिला ऐकू गेली नाही.

"जोरात!"

मी पुन्हा सांगितली. शेजारी पळणाऱ्या दोन पोरांनी वळून बघितलं आणि मी मोबाइलमध्ये मान घातली. तिची वेळ तीन मिनिटांच्या बरीच वर होती. चांगले गुण हवे असतील तर तीनच्या आत यावं लागतं. मला मात्र चार किलोचा गोळा खांद्यापर्यंत नेता नेता घाम फुटला. वहिनी पोट धरून हसली. "तुले पळता येते, मले फेकता येते. दोघीची मिळून एक पोलीस होऊन जाईन."

पुढचे पाच-सहा आठवडे आम्ही जे केलं, ते माझ्या हुशारीचं फळ होतं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले, सगळे इंग्रजीत. ताकद वाढवायची तर वजन उचला, दम वाढवायचा तर पळा. दोन्ही पाहिजे, म्हणून मी दोन्ही रोज ठेवलं. आधी गोळा, मग तुरीचं अर्धं पोतं पाठीवर घेऊन उठाबशा, मग पाण्याच्या कॅन दोन हातांत घेऊन मैदानाची एक बाजू, आणि शेवटी वेळ लावून आठशे मीटर. मी ते वहीत चौकटी आखून लिहिलं होतं. रविवारीसुद्धा चौकट रिकामी नव्हती. एखादी चौकट भरली की मला फार बरं वाटायचं.

वहिनीने एकदाही कुरकुर केली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ती माहेरी दिवसभर ओटी भरून वेचायची आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन घरी यायची. थकणं हे काही सांगण्यासारखं असतं, हे तिला माहीतच नव्हतं. मला ते खूप उशिरा कळलं. दुपारी तांदूळ निवडता निवडता तिची मान पुढे पडायला लागली. एकदा ताटातच झोपली. आई म्हणाली, "हे पोट्टी पोलीस होते का दवाखान्यात जाते?" जिना चढताना ती कठड्याला धरायला लागली. आणि तिची आठशेची वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढली. माझ्या वहीत ती वेळ मी स्वतःच्या हाताने लिहिली आणि तरी खाली लिहिलं, पोत्याचं वजन वाढवणे.

वजन वाढवायला जुना टायर मिळतो का बघायला आम्ही यवतमाळ रोडवरच्या गॅरेजात गेलो. तिथले चाचा आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करतात. बाबांच्या वयाचे आहेत, आणि तरुणपणी कुस्तीच्या दंगली मारलेले. त्यांचे कान अजून तसेच पिळलेले दिसतात. टायर कशाला पाहिजे, हे मी सांगण्याची वाट ते बघत राहिले. शेवटी वहिनीनेच पदर सावरत सगळं सांगितलं: पोतं, कॅन, गोळा, पळणं, माझी वही.

चाचांनी हात पुसले. "रोज?"

"रोज."

"सगळं एकाच टायमाला?"

"हो."

चाचा माझ्याकडे वळले. "बेटी, तुझ्या बापाचा ट्रॅक्टर. सकाळी त्याच्याने नांगरट केली अन् लगेच ट्रॉली भरून यवतमाळले पाठवला, अन् दुसऱ्या दिवशी परत तेच, तर काय होईन?"

"गरम होईल," मी म्हणाले.

"बसून जाईन. मग तुझा बाप माझ्या नावानं बोंबलंन. तो लोखंडाचा हाय तरी बसते. अन् ही तर माणूस हाय नं." ते वहिनीला म्हणाले, "बेटा, ताकद कधी वाढते मालूम? उचलताना नाई. उचलल्यावर खाऊन झोपली, की तवा वाढते. हिनं तुले झोपूच नाई दिलं."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगा, सांगा. मॅडमच्या वहीत झोपाची चौकटच नाई."

त्यांनी पाना घेऊन जमिनीवरच्या काळ्या मातीत रेघा ओढल्या. सोमवार आणि गुरुवार उचलायचे वार. त्या दिवशी पळायचं नाही, म्हणजे अंग मोकळं करायला पळालं तर पळालं, वेळ लावायची नाही. मंगळवार आणि शुक्रवार पळायचे. मंगळवारी छोटं आणि जोरात, मध्ये थांबून, दम परत आला की पुन्हा. शुक्रवारी लांब आणि हळू, "इतकं हळू की गोष्टी सांगत पळता आलं पायजे." बुधवारी घरी. रविवारी घरी. आणि शनिवारी दोन्ही एका मागोमाग, कारण भरतीच्या दिवशी दोन्ही एकाच सकाळी असतं. "पन फक्त शनिवारी," ते म्हणाले. "परीक्षा रोज नाई देत."

टायर त्यांनी असाच दिला, आमच्याच ट्रॅक्टरचा जुना. मी मातीतल्या रेघांचा फोटो काढून घेतला. वही पुन्हा उघडली नाही.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून हसू येतं. उचलायच्या वारी आम्ही टायर उलटायचो. वहिनी एकटी, मी मागून ढकलायला. तिसऱ्या आठवड्यात तो मी एकटीने उलटला. टायर पलीकडे पडला, धूळ उडाली आणि वहिनीने टाळ्या वाजवल्या तशा त्या पळणाऱ्या दोन पोरांनीही वाजवल्या. मी इकडेतिकडे बघितलं. टाळ्या माझ्यासाठीच होत्या.

शुक्रवारी आम्ही कालव्याच्या रस्त्याने जायचो. दोन्ही बाजूला फुटलेला कापूस, पलीकडे तूर. गोष्टी सांगत पळायचं होतं आणि माझ्याकडे गोष्टी नव्हत्या, म्हणून वहिनी सांगायची. माहेरच्या म्हशीची, पहिल्या भरतीत शेजारी झोपलेल्या घोरणाऱ्या पोरीची, दादा बघायला आला तेव्हा त्याच्या पँटला लागलेल्या चहाची. कुठल्या शुक्रवारी ते आठवत नाही, पण एकदा ती म्हणाली, "आता तू सांग, मले दम लागला," आणि मी शाळेच्या बसमधली एक गोष्ट सांगायला लागले ती पुलापर्यंत संपली नाही. परत येताना कापूस वेचणाऱ्या बाया धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ओरडल्या, "कोण मागं लागलं वं बाई तुमच्या?" वहिनी ओरडली, "सासू!" सगळं वावर हसलं.

तिची वेळ उतरायला लागली. आधी थोडी, मग एका शनिवारी एकदम. गोळाही लांब जायला लागला, जो आधीच लांब जात होता. शनिवारी पळून झाल्यावर पाय थरथरत असताना गोळा फेकायचा, यात सगळी गंमत होती. पहिल्यांदा तो तिच्या पायाजवळ पडला. दोन महिन्यांनी ती पळून यायची, चार श्वास घ्यायची, आणि गोळा जायचा.

भरतीला तीन आठवडे राहिले होते त्या शनिवारी बाबा आले.

बाबांना भरतीचं माहीत होतं. त्यांनी हो म्हटलं होतं, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे नाही म्हटलं नव्हतं. पण सकाळी ते आमच्याही आधी वावरात जायचे आणि वहिनीला त्यांनी कधी साडीशिवाय बघितलेलं नव्हतं. आमच्याकडे सुनेच्या डोक्यावरचा पदर सासऱ्यासमोर खाली येत नाही. कुणी तसा नियम लावलेला नाही, पण बाबांची चप्पल अंगणात वाजली की वहिनीचा हात आपोआप वर जातो. पोळी लाटत असली तर पिठाच्या हाताने. तिच्या सगळ्या पदरांवर पिठाची बोटं आहेत.

आदल्या दिवशी गॅरेजात चाचा त्यांना म्हणाले होते, "तुझी सून पाहिली का पळताना? गाडी हाय गाडी." म्हणून बाबा वावरातून परत फिरले आणि मोटरसायकल लावून शेवटच्या वळणावर उभे राहिले. मी शेवटच्या रेषेवर वेळ लावून उभी होते. वहिनी दुसऱ्या फेरीत होती आणि तिच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेत येत होती. वळणावर तिने मान वर केली, बाबा दिसले, आणि तिचा उजवा हात डोक्याकडे गेला.

पदर नव्हता. तिने टीशर्टची बाही धरून वर ओढली. ती काय करतेय हे तिलाही कळलं नसावं. पाय अडखळले, ती दोन पावलं आडवी गेली, आणि मग रेषेकडे न येता सरळ शेडमागे पळाली. खरं सांगायचं तर ते धावणं तिचं सगळ्यात वेगवान होतं.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग मोटरसायकलला किक मारून गेले.

शेडमागे वहिनी साडी नेसून बसली होती. आधी आम्ही दोघी खूप हसलो. "बाही ओढली मी! बाही!" मग ती हसायची थांबली. "ताई," ती म्हणाली, मैदानावर ताई म्हणाली, "तिथं सगळे तसेच राहतीन नं. बाबासारखे. मोठे मोठे साहेब, मिशावाले. हात असाच वर गेला तं?"

घरी गेल्यावर दिवसभर मला तेवढंच ऐकू येत होतं. सगळी मेहनत, पोतं, टायर, कालवा, आणि शेवटी एका हातामुळे चार-पाच सेकंद जाणार. पुन्हा संधी नाही.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मी बाबांशी फार बोलत नाही. तेही बोलत नाहीत. आमचं त्याबाबतीत चांगलं जमतं. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही होते म्हणून ती थांबली."

"म्हणून तं निघून आलो," ते म्हणाले.

"नाही. निघून नका येऊ. तिथे सगळे तुमच्याएवढेच असतील. तिला सवय पाहिजे."

आईने वाढता वाढता हात थांबवला. वहिनी स्वयंपाकघरात होती. तिचा पोळी लाटायचा आवाजही थांबला. बाबांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला, खाल्ला, दुसरा बुडवला. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं बोलले.

"मंग मी रोज येऊन बसतो," ते म्हणाले. "कुठं बसू?"

"वळणावर."

मंगळवारी आम्ही मैदानावर गेलो तेव्हा बाबा आमच्या आधी तिथे होते. घरची प्लॅस्टिकची खुर्ची मोटरसायकलला बांधून आणली होती. ते शेवटच्या वळणावर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर पूर्ण उघडलेला पेपर होता. वरून फक्त टोपी दिसत होती. उजाडलं पण नव्हतं नीट. त्या उजेडात कुणालाही पेपर वाचता आला नसता.

वहिनी शेडमागून बाहेर यायलाच तयार नव्हती. "नाई वं. मले लाज वाटते."

"त्यांना पण वाटतेय," मी म्हणाले. "बघ तरी."

तिने शेडच्या कडेने डोकावून बघितलं. पेपर हलत नव्हता. तिला हसू आलं आणि ते हसू थांबायच्या आत मी तिला ढकललं. पहिल्या फेरीत तिचा हात कानापर्यंत गेला. दुसऱ्या वेळी खांद्यापर्यंत. ती वळणावरून गेली की पेपरची एक बाजू जराशी खाली यायची आणि पुन्हा वर जायची. शुक्रवारी आम्ही कालव्याकडे गेलो आणि बाबा रिकाम्या मैदानावर एक तास बसले, कारण कुठल्या वारी काय असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी पेपर नाकाच्या खाली आला होता. दुसऱ्या आठवड्यात तो मांडीवर होता, आणि त्या शनिवारी बाबा स्वतःच ओरडले, "मान खाली नको घालू वं! समोर पाह्य!"

वहिनीने समोर बघितलं. हात जिथे पाहिजे तिथे होते. मी वेळ ओरडून सांगितली, तीनच्या बरीच आत, आणि पलीकडच्या पोरांनाही ऐकू गेली.

मैदानी चाचणी यवतमाळला होती. आत फक्त उमेदवार. बाबा, आई आणि मी भिंतीबाहेर रस्त्यावर, इतर आई-बापांबरोबर. आतून शिट्टी ऐकू यायची, मग पुष्कळ पायांचा आवाज, मग काही नाही. कुठली शिट्टी वहिनीची हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून आई प्रत्येक शिट्टीला हात जोडत होती. ऊन चढलं. बाबांनी तीनदा चहा आणला.

वहिनी बाहेर आली ती छातीवर नंबर तसाच, गुडघ्याला माती, चालताना दोन्ही पाय ओढत. आईने आधी पाणी दिलं. वहिनी अर्धी बाटली प्यायली आणि मला म्हणाली, "आठशेले शेवटच्या वळणावर एक साहेब उभे होते. बाबाएवढे. मिशा पन तशाच."

"मग?"

"मंग काय. त्यायच्या हातात पेपर नव्हता, म्हणून ओळख पटली नाई." बाबा रस्त्याकडे बघायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. "वेळ बाबा ओरडले त्या दिवशीची आली. अन् गोळ्याले उभी राहिली तं पाय असे करून राह्यले होते," तिने हात थरथरवून दाखवले, "शनिवारसारखे. मी म्हटलं, हा तं शनिवारच हाय. चार श्वास घेतले अन् देला."

"किती गेला?"

"मोजणारा मागं सरकला," ती म्हणाली.

त्यानंतर लेखी परीक्षा झाली. तिच्या तयारीची जबाबदारी माझी होती आणि त्यात मी पहिल्या दिवसापासून झोपेची चौकट ठेवली. मग वाट बघणं. अंतिम यादी आली ती एका साध्या सकाळी, मोबाइलवर. वहिनी चुलीसमोर भाकरी थापत होती. तिने बघायला नकार दिला. मी दारात उभी राहून एकेक पान खाली सरकवत गेले. नंबर सापडल्यावर मी तो तिच्या प्रवेशपत्राशी तीनदा ताडून बघितला. एकेक आकडा. मी पटकन विश्वास ठेवत नाही.

"हाय का नाई, एवढंच सांग," ती म्हणाली. मागे वळली नाही.

"आहे."

तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. उलटली. निखाऱ्यावर शेकली, फुगू दिली, काढून टोपलीत ठेवली. लाकडं मागे ओढली. मग तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली आणि इतक्या मोठ्याने हसली की बाबा अंगणातून धावत आले.